बास्केटबॉल, बारावी आणि बिल ब्रॅडली

भिलाईकरांना बास्केटबॉल नवा नाही. कै. राजेश पटेल सरांनी इथे घडवलेल्या मुलींनी छत्तीसगडचे नाव देशभर नेले. त्यांतल्या काही आमच्या रेल्वेतही आल्या. मे २०१८ मध्ये सर गेले. पण त्यांच्या काळातही खेळ सुटायचा तो मैदानावर नव्हे, घरात. मुलगी अकरावीत गेली की कोचिंगची फी भरली जाते आणि बूट माळ्यावर जातात. अशा पालकांनी अमेरिकेच्या बिल ब्रॅडलीची हकिकत जरूर वाचावी.

मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी या छोट्या गावात १९४३ साली त्याचा जन्म झाला. शाळेत असताना तो बुटांत शिशाची वजने घालून धावे, मैदानात खुर्च्या मांडून त्यांच्यामधून चेंडू काढी. चेंडूकडे न पाहता ड्रिबल जमावे म्हणून चष्म्याच्या फ्रेमला खालून पुठ्ठा चिकटवी! सुमारे ७५ कॉलेजांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. ड्यूक विद्यापीठ ठरलेही होते. पण १९६१ च्या उन्हाळ्यात पायाचे हाड मोडले आणि खेळच राहिला नाही तर काय, हा विचार त्याच्या मनात आला. त्याने प्रिन्स्टन निवडले. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. म्हणजे फी घरची.

१९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघ ७३-५९ असा हरला. १९६५ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्याने एकट्याने ५८ गुण केले. त्याच वर्षी तो विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाला. प्रबंधाचा विषय होता ट्रुमन यांची १९४० ची सिनेट निवडणूक. न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने बोलावले असता हा गडी ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला निघून गेला! तिथून मिलानच्या संघाकडून खेळून १९६६ चा युरोपीय चषकही जिंकला. निक्सकडे तो १९६७ मध्ये आला, १९७० आणि १९७३ ची विजेतेपदे मिळवली आणि पुढे १९७९ ते १९९७ स्वतःच सिनेटर होता.

ब्रॅडलीचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, हे मात्र विसरू नये. प्लांटमधल्या किंवा यार्डातल्या बापाला शिष्यवृत्ती नाकारणे परवडणारे नाही. त्याच्यासाठी जवळचे उदाहरण वाराणसीच्या दिव्या सिंगचे. भारतीय महिला संघाची ही माजी कर्णधार पुढे अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकली. आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्याचे म्हणाल, तर अर्जाबरोबर पदकाच्या प्रमाणपत्राखेरीज शाळेची गुणपत्रिकाही लागते.