नागपूरचे जीवाश्म आणि चित्रफलकाची शिस्त

मध्य भारताच्या भूशास्त्रीय संशोधनाच्या इतिहासात स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांचे कार्य सुपरिचित आहे. त्यांनी जमविलेल्या जीवाश्मांची नोंद सर्वत्र घेतली जाते. परंतु ते जीवाश्म ज्या चित्रांच्या द्वारे विद्वज्जगतास ज्ञात झाले, त्या चित्रांचा विचार क्वचितच होतो. निबंधाच्या शेवटी जोडलेले चित्रफलक म्हणजे मजकुराची शोभा, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत योग्य नव्हे. मूळ नमुना हाती घेण्याची संधी ज्यास नव्हती, त्या अभ्यासकाच्या दृष्टीने फलक हाच पुरावा होता. म्हणून प्रत्यक्ष दिसले किती आणि तर्काने भरले किती, यांमधील सीमारेषा चित्रकाराने कोठे आखली, हा प्रश्न कलेच्या इतिहासाचा तितकाच शास्त्राच्या इतिहासाचाही आहे. नागपूर परिसरातील तीन नमुने या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला नमुना शंखाचा. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. १८५१ मध्ये शहराच्या वायव्येस टाकळी येथे, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या पातळ थरात, हिस्लॉप व हंटर यांना गोड्या पाण्यातील शंख आणि अस्थी आढळल्या. लाव्हारसाचे दोन लोट वाहून जाण्याच्या मधल्या काळात तेथे तळी होती, असा त्याचा अर्थ. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक कालखंडातील मानले होते. आज ते त्यापूर्वीच्या क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे समजले जातात. या थरांतील सर्वांत परिचित शंख फायसा प्रिन्सेपी हा होय. त्याचे नामकरण सॉवर्बी यांनी १८४० मध्येच केलेले होते. शिखर वर व तोंड पाहणाराकडे करून धरले असता याचे तोंड डाव्या हातास येते. बहुसंख्य शंखांचे ते उजव्या हातास येते. देवपूजेतील उलट वळणाच्या शंखास जे मोल दिले जाते, ते लक्षात घेता वळणाचे महत्त्व मराठी वाचकास निराळे सांगावयास नको.

हिस्लॉप यांच्या १८६० च्या निबंधास शंखांचे फलक जोडलेले आहेत. त्या काळी असे फलक बहुधा शिळाछापाने काढीत. शिळेवर काढलेली आकृती कागदावर उलटी उमटते. म्हणून चित्रकाराने शंख शिळेवर उलटा रेखाटला तरच तो छापात सुलटा येतो. रेम्ब्रांटने १६५० मध्ये ताम्रपटावर कोरलेल्या प्रसिद्ध शंखचित्रात स्वाक्षरी सुलटी उमटते, शंख मात्र उलट्या वळणाचा झाला आहे. कलाकृती म्हणून त्यामुळे तिचे काही बिघडले नाही. परंतु जेथे वळण हेच जातीचे लक्षण, तेथे अशी एक चूक प्राण्याचे कुळ बदलून टाकते. येथे शिस्त म्हणजे हाताची शिस्त होती.

दुसरा नमुना पानाचा. सिलेवाडा, कामठी इत्यादी ठिकाणच्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीची पाने मिळाली. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात त्यांचे वर्णन केले. पानांची बाह्याकृती पुष्कळदा सारखी असल्यामुळे जाती ओळखण्याचा भार शिरांच्या जाळीवर पडला. शिरा किती दाट, मधल्या शिरेपासून कोणत्या कोनात निघतात, जाळीची घरे लांबट की रुंद, हे सर्व रेषेनेच दाखवावयाचे होते. बनबरी यांनी दिलेली नावेही चित्रमय आहेत: एका जातीस बारीक शिरांवरून, तर दुसरीस केळीच्या पानाच्या साम्यावरून नाव मिळाले. ग्लॉसॉप्टेरिस या शब्दाचा अर्थच मुळी ‘जिभेसारखा नेचा’. ब्राँन्यार यांनी ते नाव १८२८ मध्ये दिले होते. त्यातील जीभ खरी ठरली, नेचा मात्र खरा ठरला नाही. १९५२ मध्ये एडना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतील पानांना जोडलेले प्रजननावयव वर्णिले आणि ही वनस्पती बीजधारी असल्याचा निर्णय पुढे स्थिरावला. नाव अपुरे ठरले तरी काटेकोरपणे रेखाटलेली शिरांची जाळी बाद झाली नाही. निष्कर्ष बदलला, तरी चित्र उपयोगी राहिले; कारण त्यात दिसले तेवढेच होते.

तिसरा नमुना कवटीचा. नागपूरच्या दक्षिणेस वर्धेच्या खोऱ्यातील मांगली येथे एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून ‘आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा’ अशा अर्थाचे ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. धड मिळालेले नव्हते, म्हणून निबंध कवटीपुरताच राहिला. याच ओवेन यांच्या मार्गदर्शनाखाली वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात नामशेष प्राण्यांचे पुतळे उभारले होते. त्यांत ब्रॅकिऑप्सच्याच व्यापक गटातील लॅबिरिन्थोडॉनला प्रचंड बेडकाचे धड दिलेले आहे. अशा प्राण्यांचा बांधा बेडकापेक्षा सॅलॅमँडर किंवा मगरीच्या जवळचा होता, असे पुढील संशोधनाने दाखविले. पुतळ्यांनी सामान्य जनांत लुप्त सृष्टीविषयी जिज्ञासा जागविली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. दोष कल्पनेचा नव्हे. हाड कोठे संपले व कल्पना कोठे सुरू झाली, ही सांधणी पुतळ्याच्या पृष्ठभागाखाली झाकली गेली, हा खरा दोष. फलकाने धड न काढता जे सांगितले, ते पुतळ्याला सांगता आले नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या परिसरात ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून मरण पावले. ‘अजब बंगला’ या नावाने ओळखले जाणारे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय त्याच वर्षी स्थापन झाले. परंतु त्यांचे महत्त्वाचे नमुने तत्पूर्वीच इंग्लंडला गेलेले होते. मांगलीची कवटी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि टाकळी शहराच्या विस्तारात सामावून गेली आहे. नागपूरच्या विद्यार्थ्यास आपल्या भूमीतील या अवशेषांकडे जावयाचे तर फलक हीच जवळची वाट उरते. त्या फलकांवर पांढऱ्या कागदाखेरीज पार्श्वभूमी नाही. माती नाही, खाण नाही, शोधणाऱ्याचा हातही नाही. चित्राने न दाखविलेले हे स्थळ मजकुरातील एखाद्या ग्रामनामातच शिल्लक आहे. म्हणून फलक आणि ग्रामनाम ही दोन्ही एकत्र वाचणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.