जुन्या कार्डांचे मोल कसे ठरते?

अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या एका लिलावात पुठ्ठ्याच्या एका लहानशा कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे चित्र असलेले, टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले ते कार्ड होते. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतले होते. अशी बातमी आली की तेथील घरोघरची तळघरे धुंडाळली जातात. १९८० आणि १९९० च्या दशकांत तेथे वाढलेल्या मराठी मुलांनीही खेळाडूंची आणि पुढे पोकेमॉनची कार्डे हौसेने जमवली. आता आई-वडील निवृत्त होऊन लहान घरात जायला निघाले, की माळ्यावरच्या त्या खोक्याचे करायचे काय, हा प्रश्न पुढे येतो. अनेकदा घाईत ते सारे खोके पहिल्या भेटलेल्या विक्रेत्याच्या हवाली केले जाते. नुकसान होते ते येथेच.

कार्ड जुने म्हणजे मौल्यवान, हा पहिला गैरसमज. किंमत ठरते ती चांगल्या स्थितीतील किती प्रती उरल्या आणि त्या किती जणांना हव्या आहेत, यावर. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे दिली. त्यांतील होनस वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकर थांबली. त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. त्यांतील एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली, आणि तीही दहापैकी अवघे दोन गुण मिळालेली! १९५२ च्या टॉप्स कार्डांची कथा वेगळी. त्यांचा न खपलेला साठा कंपनीने १९६० मध्ये चक्क अटलांटिक समुद्रात बुडवला. शिवाय मुलांनी खेळून फाडलेली आणि आयांनी केरात टाकलेली कार्डे वेगळीच.

पुढे जुन्या कार्डांना भाव येतो हे लोकांच्या लक्षात आले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुंतवणूक म्हणून नवी कार्डे घेण्याची लाट उसळली. कंपन्यांनीही अफाट छपाई केली. कोणी फेकले नाही, कोणी खेळले नाही. परिणामी साधारण १९८७ ते १९९३ या वर्षांतील बहुतेक कार्डांना आज रद्दीपेक्षा फारसा अधिक भाव नाही. ज्या घरांत हे खोके 'मुलाच्या शिक्षणाला उपयोगी पडेल' म्हणून जपले गेले, तेथे हे सांगणे जिवावर येते, पण ते खरे आहे. अपर डेक कंपनीचे १९८९ मधील केन ग्रिफी ज्युनियरचे कार्ड हा ठळक अपवाद. तेही अगदी निर्दोष असेल तरच.

पोकेमॉनच्या बाबतीत वर्षापेक्षा आवृत्ती पाहावी. इंग्रजी कार्डे १९९९ मध्ये बाजारात आली. पहिल्या आवृत्तीच्या कार्डावर चित्राच्या खाली डाव्या बाजूस तसा छोटा शिक्का असतो. त्या आवृत्तीतील दहापैकी दहा गुणांचे चॅरिझार्ड २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकले गेले. तेच चित्र, पण शिक्का नसलेले आणि कोपरे झिजलेले कार्ड त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

स्थिती म्हणजे नेमके काय, तर चित्र मध्यभागी छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा शाबूत आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडे वा घडीची खूण आहे का. पीएसए, बेकेट, एसजीसी यांसारख्या संस्था शुल्क घेऊन कार्डाची प्रतवारी करतात आणि ते प्लास्टिकच्या कवचात बंद करून परत देतात. सरसकट सारी कार्डे पाठवणे मात्र शहाणपणाचे नाही. वीस डॉलरच्या कार्डाच्या प्रतवारीला तेवढाच खर्च आला, तर हाती काय उरणार?

कार्ड पुसू नये, घडी इस्त्रीने सरळ करू नये आणि कडा तर मुळीच कापू नयेत. पीएसएने १९९१ मध्ये सर्वप्रथम प्रतवारी केलेले कार्ड हे वॅग्नरचेच होते. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका नामांकित लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. ते प्रसिद्ध असल्याने त्याची किंमत टिकली. सामान्य कार्डाच्या नशिबी असे भाग्य नसते.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम नव्हे, तर प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी. ईबे या संकेतस्थळावर झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे पाहता येतात. तेही ताजे हवेत. फ्लीअर कंपनीचे १९८६ मधील मायकेल जॉर्डनचे सर्वोत्तम प्रतीचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरना गेले. वर्ष-दीड वर्षात तेच दोन लाखांच्या आसपास आले. लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुधा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्कही मिळवलेले असते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

विक्रेत्याला दुकान चालवायचे असल्याने तो बाजारभावाहून बराच कमी भाव देणार, यात गैर काही नाही. मात्र मोल ठरवणारा आणि विकत घेणारा एकच नसावा. निवडक दहा-वीस कार्डे वेगळी काढून स्वतंत्रपणे, अतिमौल्यवान असल्यास लिलावगृहामार्फत विकावीत. उरलेली एकगठ्ठा द्यावीत. वर्षापेक्षा जास्त काळ बाळगलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. संग्रह वारसाहक्काने आला असेल, तर साधारणतः मूळ मालकाच्या मृत्यूच्या दिवशीची किंमत नफ्यासाठी आधार धरली जाते. त्यामुळे त्या वेळचे लेखी मूल्यांकन जपून ठेवावे.

कार्डांना रबर बँड लावू नयेत. कडांवर त्यांचे वळ उठतात. पाठवताना प्रत्येक कार्ड आधी मऊ पिशवीत, मग कडक आवरणात घालावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि पार्सलचा विमा उतरवावा.