लहान गाडीची लांब वाट : मंगोल रॅलीची वाटचाल

२००१ साली टॉम मॉर्गन हा ब्रिटिश तरुण एका मित्राला सोबत घेऊन चेक प्रजासत्ताकातून मंगोलियाला निघाला. गाडी होती फियाट १२६, इंजिन आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. इराणमध्ये प्रवेश मिळाला नाही आणि मंगोलिया दूरच राहिला. त्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवासातूनच मंगोल रॅली जन्माला आली.

२००४ मध्ये पहिली रॅली निघाली. सहा गाड्या निघाल्या आणि चार उलानबातरला पोहोचल्या. अंतर सुमारे १६,००० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली रस्त्याच्या जवळजवळ अकरा पट. नियम मोजकेच होते. गाडी जुनी, स्वस्त आणि एक लिटरच्या आसपास इंजिनाची असावी. वाटेत आयोजकांकडून कसलीही मदत मिळणार नाही. आणि प्रत्येक पथकाने किमान १००० पौंड समाजकार्यासाठी जमवावेत. मार्ग आखून दिलेला नव्हता. कोणी युक्रेन-रशियामार्गे गेले, कोणी तुर्कस्तान-इराणमार्गे, तर कोणी बाकूच्या बंदरात कास्पियन समुद्र ओलांडणाऱ्या बोटीची दिवसेंदिवस वाट पाहिली. रॅली म्हटले तरी ही शर्यत नव्हती. पहिल्या क्रमांकाला येथे कधीच महत्त्व नव्हते.

पुढच्या वर्षी ४३ गाड्या निघाल्या, पण १८च पोहोचल्या. हा आकडा रॅलीच्या इतिहासात लपवलेला नाही, आणि ते योग्यच आहे. मंगोलियाच्या पश्चिम भागात तेव्हा डांबरी रस्ता क्वचितच होता. माळावर एकमेकांना छेदणाऱ्या चाकोऱ्या, त्यांतली खरी कोणती हे सांगणारी पाटी नाही, मध्येच पूल नसलेली नदी. शहरातून भाजी आणायला घेतलेल्या निसान मायक्रा किंवा फियाट पांडाचे शॉक अब्सॉर्बर येथे तुटत, इंधनाच्या टाकीला दगड लागून भोक पडे. अशा वेळी कझाक खेड्यातला वेल्डर, टो करून नेणारा ट्रकवाला आणि गेर या आपल्या तंबूवजा घरात रात्रीपुरती जागा देणारे पशुपालक कुटुंब यांनीच बहुतेक गाड्या पुढे नेल्या. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. मात्र रॅली उभी राहिली ती त्यांच्या हातांवर, हे परतलेल्या पथकांनी वेळोवेळी आवर्जून सांगितले आहे.

२००६ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधून १६७ गाड्यांनी प्रस्थान ठेवले. त्यांतील ११७ मुक्कामी पोहोचल्या. पुढे गुडवूडच्या मोटारशर्यतींच्या मैदानावरूनही रॅली सुटली आणि चेक प्रजासत्ताकातील क्लेनोवा किल्ल्याशी पथकांचा मेळा भरू लागला. आयोजक संस्था ब्रिस्टलची 'द ॲडव्हेंचरिस्ट्स'. याच संस्थेने भारतात रिक्षा रन सुरू केली. त्या प्रवासातील तीनचाकी बजाजची, म्हणजे मुळात पुण्याच्या आकुर्डीशी नाते सांगणारी.

पोहोचलेल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न सुरुवातीपासून होता. आरंभीच्या वर्षांत त्या मंगोलियातच लिलावात निघत आणि येणारी रक्कम मदतकार्याला जाई. रुग्णवाहिका किंवा अग्निशामक गाडी घेऊन येणाऱ्यांना इंजिनाच्या मर्यादेतून सूट मिळे, कारण ती तेथे थेट उपयोगी पडे. मर्सी कॉर्प्स, मुलांसाठी काम करणारे क्रिस्टिना नोबल प्रतिष्ठान आणि नंतर वर्षावनांच्या रक्षणासाठी झटणारी कूल अर्थ या संस्थांना निधीचा लाभ झाला. पुढे नियमच झाला, की हजारांतले ५०० पौंड कूल अर्थला आणि उरलेले पथकाच्या पसंतीच्या संस्थेला.

अडचणी मात्र वाढत गेल्या. २०१० मध्ये इराणमधील अपघातात एका सहभागी तरुणाचा मृत्यू झाला. जुन्या गाड्या देशात ठेवण्याबाबत मंगोलियाची भूमिका कडक झाली. ही भूमिका रास्त होती, आणि आयोजकांनी ती मान्य केली. शेवटचा टप्पा रशियातील उलान-उदे येथे हलवण्यात आला. गाडी आता सोडून देता येत नव्हती. ती युरोपात परत आणण्याची जबाबदारी पथकाचीच ठरली. लिलावाचा जुना आधार गेला, तरी निधी गोळा करण्याची अट कायम राहिली.

२०२० ची रॅली कोविडमुळे रद्द झाली. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाने रशियातून जाणारा मार्गही बंद पडला. या दोन आघातांनंतर वाट पुन्हा आखावी लागली. नवा शेवट ठरला कझाकस्तानच्या पूर्व टोकाला, अल्ताईच्या पायथ्याशी असलेल्या ओस्केमेन शहरात. तेथून मंगोलियाची सीमा फार दूर नाही, पण गाड्या ती ओलांडत नाहीत. रॅलीचे नाव मात्र मंगोल रॅली असेच ठेवले आहे.