कोकणची बंदरे आणि घाटवाटा

कोकण गरीब का, असे कोणी विचारले की खडकाळ जमीन आणि अतोनात पाऊस ही कारणे आपण सहज पुढे करतो. ती खोटी नव्हेत. परंतु पुरेशीही नव्हेत. भूमध्य समुद्रावरील इटलीचा लिगुरिया प्रांत पाहावा. डोंगर आणि सागर यांच्यामध्ये दबलेला तोही असाच चिंचोळा मुलूख. तरी त्याचे जिनोआ बंदर डोंगरापलीकडील पो नदीच्या सुपीक खोऱ्याचे द्वार बनले आणि प्रांतास वैभव आले. किनाऱ्याचे भाग्य त्याच्या पाठीमागील प्रदेशाशी बांधलेले असते, असे आम्हांस वाटते.

कोकणचा इतिहास हेच सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तांतात सोपारा, कल्याण व चौल या बंदरांची नावे आहेत. नाणेघाटाची वाट देशावरून याच उत्तर कोकणात उतरते. पुढे वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ बहमनी व आदिलशाही अमदानीत भरभराटले. राजापुरास इंग्रजांनी वखार घातली. १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. कोकणातील नाचणी व तांदूळ नेण्यासाठी हे परदेशी आले नव्हते. घाट उतरून येणारे कापड आणि मिरी यांवर त्यांची दृष्टी होती.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरील माल थेट मुंबईस जाऊ लागला. बैलांचे तांडे घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरण्याचे प्रयोजन क्रमाक्रमाने कमी झाले. दक्षिणेकडील बंदरांचे महत्त्व ओसरले. मालाच्या मागोमाग माणूसही मुंबईस गेला. गिरणीतील चाकरमान्याने धाडलेली मनीऑर्डर हे गावाचे मुख्य उत्पन्न ठरले. १९८२ च्या गिरणीसंपानंतर तो आधारही खचला.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. तिने गणपतीस घरी जाणे सोपे केले, हे उपकार लहान नव्हेत. परंतु ती किनाऱ्यास समांतर धावते. घाट चढून देशाशी नाते जोडत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. त्या वर्षी तेथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष कोठे गेले, हे वेगळे सांगावयास नको.

हापूस आणि काजू यांवर कोकण उभे राहील, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. उरलेले वर्ष घर कशावर चालावे? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बागेइतकेच घाटवाटेत शोधले पाहिजे. देश आणि किनारा यांची जुनी गाठ पुन्हा बसेल, तेव्हाच तेथील तरुणास गावी राहणे परवडेल. तोवर कोकणची सर्वांत मोठी निर्यात माणसांचीच राहणार. लखनौपर्यंत पोहोचलेली आपली कुटुंबे हीही तिचाच एक अंश होत.