टॅबमधला डॉस : प्रस्तावना

वर्डस्टार हे लेखनाचे सॉफ्टवेअर १९७८ साली आले. त्यात कर्सर हलवायला बाणांच्या कळांची गरज नव्हती. कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या चार कळांवर बोटे नाचवायची. जुन्या मासिकांत याची वर्णने हवी तेवढी मिळतात, पण ती वाचून हाताला काही कळत नाही. त्यासाठी कार्यक्रम चालवावा लागतो आणि तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र बहुधा भंगारात गेलेले असते. जुने सॉफ्टवेअर पुन्हा चालवण्याच्या क्षेत्राची सुरुवात या अडचणीतून होते.

इम्युलेटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा हे सारे सॉफ्टवेअरमध्ये उभे केलेले यंत्र. आत चालणाऱ्या कार्यक्रमाला फरक जाणवू नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. दस्तऐवज टिकवायचे तर हाच मार्ग, असे जेफ रोथेनबर्ग यांनी १९९९ साली आग्रहाने मांडले आणि त्यावर टीकाही ओढवून घेतली. पुढे २०११मध्ये फाब्रिस बेलार यांनी जावास्क्रिप्टमध्ये पीसीचा इम्युलेटर लिहून ब्राउझरच्या खिडकीत लिनक्स सुरू करून दाखवले. इंटरनेट अर्काइव्हने २०१५च्या आरंभी डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्ये खुले केले. २०१७पर्यंत ब्राउझरमध्ये कोड वेगाने चालवणारी वेबअसेम्ब्ली प्रमुख ब्राउझरांत आली आणि वेगाची तक्रार बरीचशी मिटली. लोक खेळांवरच थांबतात, हे मात्र मला खटकते.

नवशिक्याने व्ही८६ या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या इम्युलेटरपासून सुरुवात करावी. त्याची जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्लीची फाइल, सीबायॉस, व्हीजीए बायॉस आणि फ्रीडॉसची डिस्क इमेज एवढे पुरते. सीबायॉस आणि फ्रीडॉस मुक्त असल्याने परवान्याचा प्रश्न तिथे येत नाही. वर्डस्टारसारख्या व्यापारी सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो येतोच. हे सारे जोडणाऱ्या वेबपानाच्या फाइलवर नुसते डबल-क्लिक केले तर ब्राउझर सुरक्षेपोटी या फाइली उचलत नाही. स्वतःच्याच संगणकावर छोटा सर्व्हर सुरू करावा लागतो. फ्लॉपीची इमेज वापरण्याआधी तिचा आकार पाहावा. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट : १.४४ एमबीच्या फ्लॉपीची कच्ची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची भरते. कमी भरली तर नक्कल अर्धवट आहे.

मग खरी गंमत सुरू होते. वर्डस्टारमध्ये पडदा एक ओळ सरकवायला कंट्रोल-डब्ल्यू, शब्द खोडायला कंट्रोल-टी, ओळ घालायला कंट्रोल-एन. ब्राउझरमध्ये हीच तीन बटणे टॅब बंद करतात, नवा टॅब उघडतात, नवी खिडकी उघडतात. आणि ब्राउझर सहसा ती पानाच्या हाती देत नाही. लिहिता लिहिता सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबले की अख्खा संगणकच नाहीसा! डिस्कमधले बदल मेमरीत असतात. इमेज किंवा यंत्राची स्थिती वेळीच उतरवून घेतली नसेल तर मजकूरही गेला. यंत्राचे अनुकरण साधले तरी वापराचे साधतेच असे नाही, हे इथे पहिल्यांदा उमगते.

या अभ्यासाला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ग्रंथपाल, मुद्रक, भाषेचे अभ्यासक, सगळ्यांना इथे काम आहे, आणि मराठीत तर फारच. भारतीय लिपींच्या संकेतांचे इस्की हे मानक १९९१चे; पण छापखान्यांतला बराच मजकूर त्या-त्या कंपनीच्या फॉन्टच्या खासगी संकेतांत टाइप झाला. फॉन्ट नसला की पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर केले तर शब्द हाती लागतात, पण पानाची मांडणी पाहायला मूळ सॉफ्टवेअरच हवे. त्यातही भारतीय लिपींसाठीचे सी-डॅकचे जिस्ट कार्ड हे पीसीत बसवायचे हार्डवेअर होते, आणि कित्येक डीटीपी पॅकेजे पोर्टात डाँगल (परवाना तपासण्यासाठीचे छोटे उपकरण) खोचल्याशिवाय उघडत नसत. अशा ठिकाणी प्रोसेसरची नक्कल पुरत नाही. कार्डाचीही करावी लागते, आणि डाँगलच्या बाबतीत तर हक्कदाराकडे परवानगी मागायला जावे लागते.