शत्रू नसलेली नदी : फ्लोरेन्स, १९६६

सुरक्षा-नियोजनाचा सारा विचार मुळात शत्रूच्या कल्पनेवर उभा आहे. काय राखायचे, कोणापासून राखायचे, तो कोणत्या वाटेने येईल, आणि तो आलाच तर पहिली हाक कोणी कोणाला द्यायची, हे त्यातले प्रश्न. किल्ला असो वा तिजोरी, प्रश्न तेच राहतात. पूर, भूकंप, वादळ यांना हेतू नसतो. म्हणून हे प्रश्न तिथे विचारण्याजोगे नाहीत असे आपण गृहीत धरून चालतो. या गृहीतकाची किंमत साहित्याच्या अभ्यासकाला जाणून घ्यायची असेल तर त्याने ४ नोव्हेंबर १९६६ च्या फ्लोरेन्सकडे वळावे. त्या दिवशी आर्नो नदीने माणसांचे बळी घेतलेच, आणि इटलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ, नियतकालिके व कागदपत्रे चिखलात गेली.

हे शहर सुरक्षेच्या बाबतीत अडाणी नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात उफीझी संग्रहालयातील चित्रे गावाबाहेरच्या वाड्यांत आणि गढ्यांत हलवण्यात आली होती. मायकेलअँजेलोचा डेव्हिड हलवणे शक्य नव्हते, तेव्हा त्याच्याभोवती विटांचे आवरण बांधून काढले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने एक पाँते वेक्क्यो वगळता शहरातले सारे पूल उडवले, तरी ही कलासंपदा बव्हंशी वाचली. बॉम्ब कोठून पडेल याचा विचार ज्यांनी इतक्या बारकाईने केला, त्यांच्याच शहरात बावीस वर्षांनी पाणी कोठून शिरेल याचा विचार कोणी केलेला नव्हता.

बरे, हा शत्रू अनोळखी होता म्हणावे, तर तसेही नाही. आर्नोचा भीषण पूर १३३३ साली आला, तोही ४ नोव्हेंबरलाच. १५५७ साली पुन्हा आला. १८४४ साली आला तो ३ नोव्हेंबरला. बॉम्बफेक करणारे विमान इतक्या निष्ठेने तारीख पाळत नाही. सान रेमिजिओ नावाच्या एका गल्लीत १३३३ च्या पाण्याची पातळी दाखवणारा शिलालेख आहे. त्यावर लाटांकडे बोट दाखवणारा हात कोरला आहे. १९६६ ची खूण त्याच भिंतीवर, त्याच्याही वर लावावी लागली. (जुन्या पुण्यातही पानशेतचे, म्हणजे १२ जुलै १९६१ चे, पाणी इथपर्यंत होते असे भिंतीवर हात ठेवून सांगणारे लोक भेटत आले आहेत. अशा खुणा आपण स्मारक म्हणून पाहतो. नकाशा म्हणून त्या वाचण्याची सवय आपल्याला नाही.)

राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत १९३५ साली सुरू झाली, ती नदीच्या अगदी काठावर. हस्तलिखितांचा मौल्यवान भाग वरच्या मजल्यांवर असल्याने बचावला. परंतु सतराव्या शतकातील विख्यात ग्रंथवेडा अंतोनिओ माल्याबेकी याच्या संग्रहातील जुने ग्रंथ, पालातिना संग्रह आणि वृत्तपत्रांच्या फायली तळघरात व तळमजल्यावर होत्या. चोर, ऊन आणि हवाई हल्ला यांच्यापासून राखण्यास तळघरासारखी जागा नाही. पाण्यापासून राखायचे असेल तर मात्र तिच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. एका धोक्याचे उत्तर दुसऱ्या धोक्याला आमंत्रण ठरते, ही गोष्ट सुरक्षा-नियोजनात प्राथमिक मानली जाते; ‘कोणापासून?’ हा प्रश्न न विचारता ‘सुरक्षित’ हे विशेषण वापरले की ती नजरेआड होते. त्यातच हिवाळ्यासाठी घरोघरच्या टाक्या इंधनतेलाने भरलेल्या होत्या. ते तेल पाण्यात मिसळले आणि भिजलेल्या पानांना काळा लेप बसला.

त्या रात्रीची एक हकिगत मात्र साऱ्या वर्णनांत पुन्हापुन्हा येते, आणि ती यावीच. पाँते वेक्क्योवर सराफांची दुकाने आहेत. त्यांनी ठेवलेल्या रात्रीच्या पहारेकऱ्याने पाणी चढताना पाहिले आणि मालकांना कळवले; सराफ धावत आले व हाती लागेल तो माल घेऊन गेले. शहराला मात्र सार्वत्रिक इशारा मिळालाच नाही. पहारेकरी चोरांसाठी नेमला होता. पण जागे कोणी राहायचे, काय दिसले की कोणाला कळवायचे, आणि कळल्यावर प्रथम काय उचलायचे, हे तिथे आधीच ठरलेले होते. आणि ते नदीच्या बाबतीतही कामी आले. ग्रंथांना असा पहारेकरी नव्हता. दिवस सैन्यदलांच्या गौरवाचा, सार्वजनिक सुट्टीचा होता, हा योगायोग बोलका आहे. महापौर पिएरो बार्जेल्लिनी हे स्वतः लेखक व साहित्याचे इतिहासकार होते. तेव्हा ग्रंथांविषयी अनास्था हे कारण देता येत नाही.

पाणी ओसरल्यावर जगभरातून तरुण आले. ‘चिखलातले देवदूत’ म्हणून ते अजरामर झाले. मानवी साखळी करून त्यांनी ग्रंथ तळघरातून वर काढले. ग्रंथ वाळवण्यासाठी तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यासुद्धा वापराव्या लागल्या. या कहाणीत उदात्तता आहे यात शंका नाही. पण तिच्या तेजाने आपले डोळे दिपतात आणि एक लहानसा तपशील निसटतो. ग्रंथालयाची पत्रसूचीही भिजली होती. काय गमावले हे सांगणारी यादी गमावलेल्या वस्तूंच्या शेजारीच ठेवलेली होती! ओल्या ग्रंथाचे प्रथम काय करावे याबद्दलही सर्वमान्य पद्धत नव्हती. फ्लोरेन्समध्ये राबलेले इंग्रज ग्रंथबांधणीकार पीटर वॉटर्स यांनी पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी पाण्यात भिजलेल्या ग्रंथसामग्रीच्या बचावाची पुस्तिका लिहिली. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. ओले ग्रंथ घाईने वाळवण्याऐवजी आधी गोठवावेत, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो, हा तिच्यातला मुख्य सल्ला.

उफीझीच्या तळमजल्यावर भिजलेल्या राज्य-अभिलेखागाराला १९८० च्या दशकाच्या अखेरीस नवी इमारत मिळाली. सांता क्रोचेतील वासारीचे ‘अंतिम भोजन’ हे लाकडी फळ्यांवरचे मोठे चित्र दुरुस्त होऊन परतायला २०१६ साल उजाडले. आता ते भिंतीवर नुसते टांगलेले नाही. पाणी वाढू लागले तर ते वर उचलून घेता येईल अशी यंत्रणा त्याला जोडलेली आहे.