पुण्याचे नाक, नागपूरचे ‘मेडिकल’

मराठी मुलखातल्या शल्यकौशल्याची सर्वांत गाजलेली नोंद एका बैलगाडीवानाच्या नाकाची आहे. कावसजी हा १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. मेणाचे नाक बेतायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, त्याबरहुकूम कातडी सोडवायची. मात्र भुवयांमधला भाग जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले होते. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत छापली. जोसेफ कार्प्यूने १८१४मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक काढले.

या हकिगतीत रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची आहेत. नाक करणाऱ्याचे मात्र नाही. तो वीटकाम करणाऱ्या जातीतला होता, एवढेच कळते. त्याच्या कौशल्याचे माप एकच होते, ते म्हणजे नाक. ते चेहऱ्यावर असल्याने कोणीही पारखू शके. पण तो कोणाजवळ शिकला, किती वर्षे शिकला, त्याच्या हाताखालचा मुलगा कधी तयार झाला असे समजायचे, हे कोठेच लिहिलेले नाही. अशी विद्या घराण्याबरोबर जगते आणि घराण्याबरोबरच संपते.

मुंबई इलाख्यात १९१२मध्ये वैद्यकीय कायदा होऊन डॉक्टरांची नोंदवही आली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले. यातून डॉक्टर कोण, हे ठरले. जळून आखडलेला हात मोकळा करायला किंवा दुभंगलेली टाळू शिवायला लायक कोण, हा प्रश्न मात्र उरला. अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र परीक्षामंडळ १९३७मध्ये उभे राहिले. आपल्याकडे या शल्यविशारदांची संघटना १९५७ची.

याचे उत्तर शोधण्यात आमच्या विदर्भाचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘मेडिकल’मध्ये, डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८मध्ये देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. पुढे तेथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले. पदवी आली की ठरलेली वर्षे आली, देखरेखीखालचे काम आले आणि बाहेरचा परीक्षक आला. गुरूच्या ‘झाला तयार’ या शब्दाला दुसऱ्याची साक्ष लागू लागली. १९७५मध्ये बालकृष्णन यांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूचे वर्गीकरण मांडले: पहिला गट ओठाचा, दुसरा टाळूचा, तिसरा दोन्हींचा. ते ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. मला हेही प्रमाणीकरणच वाटते. दोन गावचे सर्जन एकाच दोषाला एकच नाव देत नसतील, तर त्यांचे काम ताडून पाहणार कसे?

आज एम.एस.नंतर तीन वर्षांचे एम.सीएच. आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप हात व सूक्ष्मशल्यक्रिया, मणक्याची शल्यक्रिया अशा आणखी बारीक शाखांत मिळते. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही फेलोशिप अभ्यासक्रम चालवते. शिवाय रुग्णालये आणि संघटनाही आपापल्या फेलोशिप देतात; काही वर्षाच्या, काही थोड्या आठवड्यांच्या. पाटीवर मात्र शब्द एकच उमटतो: ‘फेलो’.

आमच्या बाभुळगावात मळणीयंत्रात एखाद्याचा हात गेला, तर तो यवतमाळला आणि तिथून नागपूरला न्यावा लागतो. नेणारा भाऊ पाटी वाचतो. कावसजीचे नाक लोकांना दिसत होते. शिवलेली नस या भावाला दिसणार नाही. म्हणून त्याच्या वतीने आधीच कोणीतरी विचारलेले असावे: या सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने केल्या, कोणाच्या देखरेखीखाली केल्या, आणि शिकवणाऱ्याखेरीज आणखी कोणी त्या तपासल्या का? वेगवेगळ्या संस्थांनी फेलोशिप जरूर द्याव्यात. पण कालावधी, शस्त्रक्रियांची नोंदवही आणि बाहेरचा परीक्षक, या तीन गोष्टींचे किमान माप साऱ्यांना एकच असावे आणि ते पाटीखाली मराठीत वाचता यावे.